जावयाचा गुलाब

माझी आई आमच्या फ्रिजशी बोलते. कुत्रा घरात असेल तर कुत्र्याशी, तोही नसेल तर खिडकीशी. तिच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. माझा नवरा लायल त्या वेळी खोलीत असतो, एवढंच.

आम्हा लाकोटा लोकांत सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. तो आदर असतो. हल्ली पुष्कळ घरांतून हे गेलं. सासवा जावयांच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून बिंगो खेळायला जातात आणि वाटेत त्यांना गाडी कशी चालवायची ते शिकवतात. आमच्याकडे मात्र दोघंही पाळतात. लायल पाळतो, कारण त्याच्या आईने त्याला तसं वाढवलं. माझी आई पाळते, कारण ज्याला उलट उत्तर देता येत नाही अशा माणसाबद्दल त्याच्यादेखत बोलण्यात काय सुख आहे, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं.

“ए फ्रिज,” ती म्हणते, “काही लोकांच्या गावात पाय पुसायची पद्धत नसते, तुला माहीत होतं का?”

लायल उठतो, बूट बाहेर काढून ठेवतो, परत येऊन बसतो. फ्रिज गुरगुरतो. आई समाधानाने कॉफी पिते.

मधल्या मधे मी असते. मी जमातीच्या पाणी खात्यात काम करते, विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक किती आणि युरेनियम किती ते मोजते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी दोघांनाही सांगून टाकलं होतं की मी निरोप पोचवणार नाही. तेव्हापासून आमच्या घरातली निर्जीव वस्तूंची सामाजिक प्रतिष्ठा वाढली आहे.

मार्चमध्ये ओपलच्या शाळेतून प्रकल्प आला. ओपल आमची मुलगी, आठवीत. प्रकल्प असा होता: पारंपरिक सू पोशाखाचा एखादा भाग विद्यार्थ्याने एका पालकाबरोबर घरी बनवायचा, आणि एप्रिलमधल्या शाळेच्या वाचिपीत, म्हणजे नाचाच्या मेळ्यात, तो घालून मिरवणुकीत चालायचं. प्रकल्प मिसेस प्रुइट यांचा. त्या ओहायोहून आल्या आहेत आणि चित्रकला शिकवतात. संस्कृती हा विषय घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून तोही शिकवतात. गळ्यात दूरच्या नवाहो जमातीची फिरोजी माळ घालून आम्हाला आमची ओळख करून देतात. पोशाखाला त्या कधीकधी चुकून ‘वेशभूषा’ म्हणतात, नाटकातल्यासारखं, मग स्वतःच्या तोंडावर हात ठेवतात आणि वर्गाची माफी मागतात. ओपल म्हणते, माफी मागायला जितका वेळ जातो तितक्यात एक बाही शिवून होईल.

नियम एकच कडक होता: आजीने हात लावायचा नाही. आदल्या वर्षी सगळी कामं आज्यांनीच केली होती आणि पोरांना सुईत दोरा कुठून घालतात हेही सांगता आलं नव्हतं.

माझ्या आईने ते ऐकलं आणि कॉफीचा कप खाली ठेवला. तिचं, म्हणजे अर्विला रेड विलोचं, मणीकाम आमच्या रिझर्व्हेशनवर, जमातीसाठी राखून ठेवलेल्या या मुलखात, कुठेही ओळखू येतं. आकाशी मण्यांची जमीन, त्यावर त्रिकोण आणि पायऱ्या, आणि नांगरलेल्या शेतातल्या वरंब्यांसारख्या उभारलेल्या सरळ ओळी. वरंबा म्हणजे वरंबा, त्यात एक मणीही मान वर काढत नाही.

“म्हणजे,” ती म्हणाली, “ज्यांना येतं त्यांनी बाजूला व्हायचं, आणि ज्यांना येत नाही त्यांनी परंपरा जपायची. बरं. तू करणार का?”

“मी नाही. लायल करणार आहे.”

आईने मान वळवून कुत्र्याकडे पाहिलं. आमच्या कुत्र्याचं नाव गव्हर्नर, तो कोणाचंच काम करत नाही म्हणून.

“ऐकलंस, गव्हर्नर? रस्त्यावरचं बर्फ ढकलणारा माणूस आता मणी ओवणार. सुईला पुढे फावडं लावून देतील.”

लायल हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो, पण त्याला मणीकामही येतं. हे आईलाही माहीत होतं. तो इथला नाही. ईशान्येकडच्या तळ्यांच्या मुलखातला, सिसेटनचा. आम्ही लाकोटा, ते डकोटा. आमच्या दोघांच्याही शत्रूंनी आम्हाला ठेवलेल्या एका लांबलचक नावाचं शेपूट फ्रेंचांनी उचललं आणि आम्हाला सगळ्यांना एकच ‘सू’ करून टाकलं. सरकारच्या लेखी आम्ही एक. माझ्या आईच्या लेखी तिकडचे लोक मासे खातात आणि मण्यांची फुलं करतात, आणि दोन्हीपैकी अधिक वाईट काय, हे तिचं अजून ठरायचं आहे.

लायलच्या आईने आयुष्यभर फुलं केली. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली तेव्हा लायल रजा काढून तिच्याजवळ राहिला, आणि बसल्या बसल्या तिच्याकडून एकच फूल शिकला. रानगुलाब. पाच पाकळ्या, मध्ये पिवळं, एका बाजूला वळलेला देठ आणि त्याला कळी. बाकीची शिकायची राहून गेली.

“ओपलच्या मोकासिनवर तो घालतो,” लायल मला म्हणाला. मोकासिन म्हणजे नाचाचे मऊ कातडी जोडे. “दोन्ही पायांवर एकेक.”

“आईला चालणार नाही.”

“माहीत आहे.” तो कातड्यावर पेन्सिलने पाकळी काढत होता. “आई गेली तेव्हा तिचं सगळं आम्ही वाटून टाकलं. ब्लँकेटं, भांडी, मण्यांचे डबे, सगळं. तसंच करायचं असतं. माझ्याकडे तिचं काही नाही. हे एक हातात राहिलंय. ते पोरीच्या पायावर एकदा तरी नाचलेलं मला बघायचंय.”

एवढंच त्याला हवं होतं. मोठं काही मागणारा माणूस नाही तो.

पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो आणि ओपल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आई शेजारच्या ट्रेलरमध्ये राहते, पण जेवायला आमच्याकडे असते. ती खुर्ची उलटी फिरवून, लायलकडे पाठ करून, फ्रिजकडे तोंड करून बसली. फ्रिजचं दार गुळगुळीत आहे. त्यात मागचं टेबल अंधुक दिसतं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढाच नियम आहे. प्रतिबिंबाबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

लायल दोन सुयांनी काम करतो. एका दोऱ्यात मणी ओवून तो रेषेवरून वळवत न्यायचा, आणि दुसऱ्या दोऱ्याने तो दर दोन मण्यांमागे कातड्याला बांधून टाकायचा. त्यामुळे रेघ हवी तशी वाकते. आमच्या पद्धतीत रेघ वाकत नाही. वाकावं असं तिला वाटतही नाही.

“ए फ्रिज,” आई म्हणाली, “ते गुलाबी काय आहे? पोरीच्या पायाला काही चावलंय का?”

“गुलाब आहे, उन्ची,” ओपल म्हणाली. उन्ची म्हणजे आजी. “आपल्या गावाचं नावच रोजबड आहे ना? गुलाबाची कळी!”

“त्या कळ्या ओढ्याच्या काठी उगवतात, ताकोझा,” आई नातीला म्हणाली. “माणसाच्या पायावर काही उगवलं तर दवाखान्यात नेतात.”

लायल खाली मान घालून हसला. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा मोकासिनच्या त्या तुकड्यावर गुलाब नव्हता. कातडं कोरं होतं, फक्त सुईच्या टोकांचे बारीक ठिपके राहिले होते. गुलाबी मणी एका बशीत, हिरवे दुसऱ्या, पिवळे तिसऱ्या.

मी आईच्या ट्रेलरमध्ये गेले.

“आई, गुलाब कुठे गेला?”

“उंदीर असतील.”

“उंदरांनी मणी रंगाप्रमाणे वेगळे करून ठेवलेत.”

“मग तुझ्या प्रयोगशाळेत नोकरी दे त्यांना. इथे बसून काय करतील?”

लायलने कोऱ्या कातड्याकडे पाहिलं, सुईत दोरा घातला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बोलणार कोणाशी? माझ्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, आणि फ्रिज आईच्या बाजूचा होता.

पुढचे काही दिवस असेच गेले. लायल संध्याकाळी शिवायचा, आई दिवसा उसवायची. ओपल शाळेतून आली की आधी टेबलाकडे जायची. “बाबा, तुझा गुलाब परत गळला,” ती फोनवर बापाला कळवायची, हवामानाच्या बातम्यांसारखं. मला दोघांचीही चीड येत होती. एक बाई, जिला नातवंडाचे केस विंचरतानाही हात हलका ठेवता येतो, ती मेलेल्या विहिणीचं फूल रोज उपटत होती. आणि एक पुरुष, जो हिमवादळात अर्धा परगणा मोकळा करतो, तो कातडं कपाटात कुलूप लावून ठेवत नव्हता.

“ठेव ना कुलपात,” मी त्याला म्हटलं.

“सासूपासून वस्तू कुलपात ठेवायची?” त्याला धक्का बसला. “अशी कशी बोलतेस तू?”

म्हणजे आदर. त्या आदराचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

मग एक दिवस आईने नुसतं उसवलं नाही. उजव्या मोकासिनवर तिने आकाशी जमीन भरली आणि मधोमध लाल त्रिकोण बसवला. त्यात पिवळी पायरी, कडेला गडद निळी रेघ. एका दिवसात. ते सुंदर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. लायलने ते हातात घेतलं, अंगठा वरंब्यांवरून फिरवला, आणि खाली ठेवलं. नंतर त्याने डाव्या मोकासिनचं कातडं घेतलं आणि त्यावर गुलाब करायला बसला. रात्री निजताना ते उशीखाली ठेवलं. ते कुलूप नव्हे, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्याच दिवशी प्रुइटबाईंनी कामाची पाहणी ठेवली होती. घरच्यांना घेऊन या, असं सांगितलं होतं. आई आपणहून ट्रकच्या मागच्या सीटवर चढून बसली. तिला तमाशा बघायचा होता.

वर्गात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. प्रुइटबाईंचा गोलावर फार विश्वास. गोलात बसलं की प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसतं. आमच्या दोघांसाठी याहून गैरसोयीची रचना कोणी शोधून काढली नसती. लायल छताकडे बघत बसला. आई भिंतीकडे. तिथे लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं टांगलेलं होतं.

ओपलने दोन मोकासिन पुढे ठेवले. एकावर त्रिकोण, एकावर गुलाब.

“अरे वा!” प्रुइटबाईंनी त्रिकोण उचलला. “हे बघा, मुलांनो. हे अस्सल. हे शुद्ध सू काम आहे.” मग त्यांनी गुलाब उचलला आणि त्यांचा चेहरा कनवाळू झाला. “आणि हे… हे छान आहे हं, लायल. मेहनत दिसते. पण हे सू नाही. फुलं ही मिशनऱ्यांच्या शाळेतल्या जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, शिकवलेली. फार तर शेजारच्या ओजिब्वे लोकांची. आपल्याला अस्सल तेच मिरवणुकीत घ्यायचंय ना?”

लायलचे कान लाल झाले. “माझी आई करायची,” तो छताला म्हणाला.

“हो, हो. आणि तिच्या भावनांचा मी आदर करते. पण हे उसवून टाकू या, आणि दुसऱ्यासारखाच त्रिकोण करू या. नाहीतर मला ओपलला मिरवणुकीत घेता येणार नाही.” मग त्या उठल्या, गोल ओलांडून आल्या, आईशेजारी उकिडव्या बसल्या आणि आईच्या दंडावर हात ठेवला. “आजी, तुम्ही नक्कीच सहमत असाल. तुम्हीच सांगा ना त्यांना. त्यांच्याकडे बघून, मोकळेपणाने. पिढ्यांमधला संवाद म्हणतात तो हाच.”

वर्गातल्या सगळ्या पोरांनी एकदम खाली पाहिलं. एकाच्या आईने खोकल्यासारखं केलं. लायल आता छतातून आरपार बाहेर जाईल असं मला वाटलं.

खरं सांगायचं तर आई जिंकली होती. गुलाब उसवायचा, त्रिकोण ठेवायचा, हेच तर तिला हवं होतं. तिने फक्त मान डोलवायची होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने आधी आपल्या दंडावरच्या हाताकडे पाहिलं, मग त्या फिरोजी माळेकडे, आणि मग भिंतीवरच्या नळकांड्याकडे.

“अहो लालसाहेब,” ती नळकांड्याला म्हणाली, “तुम्ही इथे बरेच दिवस टांगलेले दिसता. तुम्हाला विचारते. ओपलच्या बापाचा गुलाब वाकडा आहे की नाही?”

नळकांडं काही बोललं नाही. वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं.

“वाकडा आहे. पाकळ्या दाढ सुजल्यासारख्या आहेत. कळी बघितली की ढेकूण आठवतो. मी हे घरी रोज म्हणते. फ्रिजला विचारा, कुत्र्याला विचारा. मी म्हणू शकते, कारण ते माझ्या घरचं आहे. तो गुलाब या पोरीच्या दुसऱ्या आजीचा, आणि तिला तिच्या आजीने दिलेला. त्या बाईला तो कोणी शिकवला, जोगिणीने की अस्वलाने, ते तिचं ती बघून घेईल. पण ही बाई” — आईने प्रुइटबाईंचा हात दोन बोटांनी उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला — “ही बाई कुठून आली आमच्या घरच्या वस्तूला वाकडं म्हणायला?”

“मी वाकडं म्हटलं नाही,” प्रुइटबाई घाबरून म्हणाल्या. “मी फक्त अस्सल…”

“आणि तो त्रिकोण,” आई आता थेट त्यांच्याकडे वळली, त्यांच्याशी बोलायला तिला काही बंदी नव्हती, “तो मी शिवलाय. आजीने हात लावायचा नाही ना? तुमचाच नियम. मग तोही बाद. आता तुमच्याकडे एक अस्सल जोडा आहे जो आजीने केलाय, आणि एक खोटा आहे जो बापाने केलाय. कुठला घेऊन चालायचं पोरीने? की एका पायावर लंगडी घालत येऊ दे?”

प्रुइटबाईंनी पुष्कळदा माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना नीट कळलं नसावं. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही पायांवर सारखं काम हवं, ते पालकाचं हवं, आणि फुलंच करणार असाल तर ‘अस्सलपणा’ या सदरातले गुण कापले जातील.

“कापा,” आई म्हणाली. “तुमच्याकडे कात्री असेलच.”

घरी आल्यावर आईने स्वतःचा त्रिकोण घेतला आणि कात्रीचं टोक दोऱ्याखाली घातलं. लायल दारात उभा होता. त्याने तोंड फिरवलं. ते नियमामुळे, की त्याला ते बघवलं नाही म्हणून, हे मी विचारलं नाही. आकाशी मणी टेबलभर उडाले.

वाचिपी शनिवारी होती. बुधवारी एप्रिलमधलं ते घाणेरडं, ओलं, जड हिमवादळ आलं आणि लायलला यंत्रावर बोलावून घेतलं. तो एक घास खायला घरी यायचा, तासभर डोळे मिटायचा आणि परत जायचा. बोटं सुजून त्यांना सुई धरवेना. उजवा मोकासिन कोराच होता.

“आता?” ओपल म्हणाली. तिच्या आवाजात रडं होतं. “एकाच पायावर गुलाब. मला घेणारच नाहीत.”

“आण इकडे,” आई म्हणाली.

“पण उन्ची, आजीने हात लावायचा नाही.”

“मला माहीत आहे. तो नियम त्या बाईला मीच तर वाचून दाखवला.”

तिने दोन सुया घेतल्या. डावा मोकासिन समोर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मण्यांची रेघ वाकवायची होती, आणि ते तिला जमेना. एवढं मी सांगते आणि थांबते, कारण ते बघणं सोपं नव्हतं. जिच्या हाताखाली शेकडो वरंबे सरळ निघाले, तिच्या हाताखाली पाकळी कधी चौकोनी व्हायची, कधी पोटात वारा धरल्यासारखी फुगायची. ती उसवायची, शिवायची. तिच्या तोंडून जे शब्द निघत होते ते ऐकून मी ओपलला जळण आणायला बाहेर पाठवलं.

गुरुवारी दुपारी लायल आला. अंगावरचं बर्फ दारात झटकून, बूट बाहेर काढून, तो आईकडे पाठ करून सूप प्यायला बसला. फ्रिज त्याच्या समोर होता, आणि त्याच्या गुळगुळीत दारात मागचे आईचे हात दिसत होते. त्याने चमचा खाली ठेवला.

“अगं ओपल,” तो म्हणाला, “फ्रिजला एक गोष्ट सांगतेस का? दुसरा दोरा दर दोन मण्यांनी बांधायचा असतो. कोणीतरी चार-चार मणी सोडून बांधतंय. म्हणून ती पाकळी ढेकर आल्यासारखी दिसते.”

आईची पाठ ताठ झाली.

“गव्हर्नर,” ती म्हणाली, “सूप गरम आहे का रे? काही लोकांच्या जिभेला चटका बसलेला दिसत नाही.”

“आणि फ्रिजला सांग,” लायल शांतपणे पुढे म्हणाला, “रेघ आधी बाहेरून फिरवायची, मग आत भरायची. आतून बाहेर आलं की गुलाब राहत नाही, कोबी होतो.”

आईची सुई थांबली. मी तिला कधी कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते ऐकणं आहे हे मला जरा उशिरा कळलं. कात्रीचा बारीक कटकट आवाज आला. ती कोबी उसवत होती. लायलने सूप संपवलं, वाटी धुतली आणि गेला. जाताना त्याने आपली चांगली, बारीक सुई टेबलाच्या कडेला टोचून ठेवली. आईने ती घेतली. आभार मानायचं फ्रिजला सुचलं नाही, कुत्र्यालाही नाही.

गुलाब शुक्रवारी पुरा झाला. त्याला गुलाब म्हणायचं ते शेजारी दुसरा गुलाब होता म्हणून. दोन पाकळ्या मोठ्या, तीन लहान, देठ सरळ काठीसारखा. शेवटी शेवटी तिचा हात सरळ रेषेकडे गेलाच.

शनिवारी रस्ते मोकळे होते, ते लायलने केले होते. शाळेच्या व्यायामशाळेत ढोल लागले होते, कोपऱ्यात फ्रायब्रेडच्या जाड पुऱ्या तळत होते, आणि सबंध गाव ओल्या बुटांनी आत आलं होतं. प्रुइटबाई दारात यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ओपलच्या पायांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि बाजूला झाल्या. ओपल मिरवणुकीत चालली. एक पाय उचलला की तिच्या मेलेल्या आजीचा गुलाब दिसायचा, दुसरा उचलला की जिवंत आजीचा. लायल भिंतीला टेकून उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती आणि ओपल पूर्ण फेरी मारून परत समोर येईपर्यंत त्याने तिच्या पावलांवरून नजर हलवली नाही.

नाच झाल्यावर ओपल धापा टाकत आमच्याकडे आली. तिच्या मागोमाग लेनोरा ब्लू थंडर आली. लेनोरा आणि माझी आई तरुणपणापासून मणीकामात एकमेकींच्या वैरी आहेत. प्रत्येक मेळ्यात एकमेकींच्या कामावरून बोट फिरवतात आणि काही न बोलता पुढे जातात, ते शिवीपेक्षा वाईट असतं. या वेळी तिला बोलायला सापडलं होतं.

“पाय बघू, पोरी,” ती वाकून म्हणाली. “हा डावा बरा आहे. सिसेटनचं काम, लगेच कळतं. आणि हा उजवा? अरे देवा! हा कोणी केला? बसमध्ये बसून केला का? रस्ता खराब होता का?” ती मोठ्याने हसली आणि आसपासच्या दोन-तीन बायका वळून बघायला लागल्या. “अर्विला, तुझ्या घरात असं काम कोण करतं गं?”

आई काही पावलं दूर, लायलकडे पाठ करून उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता, लेनोराला दिसत होता. तो चेहरा मी पूर्वी एकदाच पाहिला होता, वडील गेले तेव्हा.

“मी,” लायल भिंतीपाशीच उभा राहून म्हणाला. “दोन्ही मीच केले. वादळात होतो, बोटं सुजली होती. उजवा बिघडला.”

लेनोराने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने हातातला कॉफीचा कप सावकाश फिरवला. उजवा आपण केला हे तिने कबूल केलं असतं तरी चाललं असतं. मोठेपणाच दिसला असता. पण तसं करणं म्हणजे जावयाने सगळ्यांसमोर दिलेली वस्तू परत करणं होतं, आणि आमच्यात दिलेली वस्तू परत करत नाहीत.

“हो ना,” आई लेनोराला म्हणाली. “मी किती सांगते. दर दोन मण्यांनी बांध, बाहेरून फिरव, मग आत भर. ऐकतंय कोण? हात म्हणजे नुसती फावडी आहेत त्याचे.”

“पण उन्ची,” ओपल म्हणाली, “तो तर तू—”

मी गरम फ्रायब्रेडचा मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. तिचे डोळे पाण्याने भरले, पण ती चावायला लागली. भिंतीपाशी लायलचे खांदे हलत होते. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने लेनोराच्या शालीची किनार दोन बोटांत धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि काही न बोलता कॉफी भरायला निघून गेली.